खटला नाही, म्हणून हिशेबही नाही?

27 फेब्रुवारी 2018. ब्राटिस्लाव्हात स्लोव्हाकियाचे पंतप्रधान रॉबर्ट फिट्सो पत्रकारांपुढे उभे होते आणि जवळच्या टेबलावर नोटांच्या थप्प्या रचून ठेवल्या होत्या. पुरते दहा लाख युरो, रोख. (आपल्याकडे हे आडनाव ‘फिको’ असे लिहायची पद्धत पडली आहे, पण त्यांच्या घरी ते फिट्सोच.) यान कुत्सियाक हा 27 वर्षांचा शोधपत्रकार आणि त्याची वाग्दत्त वधू मार्टिना कुश्नीरोवा यांचे मृतदेह नुकतेच वेल्का माचा गावातल्या त्यांच्या घरात सापडले होते. मारेकऱ्यांचा माग सांगेल त्याला हे पैसे, असा त्या थप्प्यांचा अर्थ. गृहमंत्री रॉबर्ट कालिन्याक आणि पोलीसप्रमुख तिबोर गाश्पार त्याच पत्रकार परिषदेत हजर होते. पुढच्या काही महिन्यांत तिघांचीही पदे गेली. आणि 2023 च्या निवडणुकीनंतर? फिट्सो पुन्हा पंतप्रधान झाले, कालिन्याक उपपंतप्रधान आणि संरक्षणमंत्री झाले, गाश्पार आधी खासदार आणि मग संसदेचे उपाध्यक्ष. त्या टेबलावरच्या नोटा सोडल्या, तर बाकी सगळे परत आले.

या परतीवरून स्लोव्हाकियात जो वाद चालतो, तो वर्षानुवर्षे एकाच दोरीवर लोंबकळतो आहे: कालिन्याक गुन्हेगार की निर्दोष? समर्थक म्हणतात, एकही शिक्षा दाखवा. विरोधक म्हणतात, शिक्षा झाली नाही कारण यंत्रणाच त्यांची होती. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते, की गृहमंत्र्याच्या कारकिर्दीचा निवाडा फौजदारी कोर्टात व्हायचा असतो. माझा वाद या गृहीतकाशी आहे. कालिन्याक कायद्याने पूर्ण निर्दोष आहेत असे धरून चालले, तरी दोन टप्प्यांत मिळून दहाएक वर्षे गृहखाते सांभाळलेला हा माणूस 2018 च्या कितीतरी आधी त्या खुर्चीवरून उतरायला हवा होता. त्यासाठी एकाही आरोपपत्राची गरज नव्हती. उलट, आरोपपत्राची वाट पाहत बसण्यातच त्याचा सगळा फायदा होता.

आधी त्याच्या पदरात टाकायचे ते टाकू. 1971 साली ब्राटिस्लाव्हात जन्मलेला, कायदा शिकलेला हा माणूस 2002 साली फिट्सोंच्या ‘स्मेर’ पक्षातून (शब्दाचा अर्थ ‘दिशा’) संसदेत आला आणि 2006 साली, पस्तिशीत, गृहमंत्री झाला. तेव्हा समोर काय वाढून ठेवले होते ते पाहा. पुढच्याच वर्षी देशाला शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, जायचे होते आणि युक्रेनला लागून असलेल्या जेमतेम शंभर किलोमीटरच्या सरहद्दीची तयारी इतकी मागे पडली होती, की स्लोव्हाकियाला वगळूनच इतरांना आत घ्यावे लागेल अशी चर्चा होती. ते काम वेळेत झाले. 21 डिसेंबर 2007 ला ऑस्ट्रियाच्या सीमेवरचे अडथळे उचलले गेले. लोखंडी पडद्याच्या आठवणी ताज्या असलेल्या पिढीसाठी ही काय चीज होती, हे मुंबई-पुण्यात बसून कळणे कठीण. दुसऱ्या कारकिर्दीत त्याने जिल्हास्तरावरची विखुरलेली सरकारी कार्यालये एकत्र आणली, एका छपराखाली सेवा देणारी केंद्रे उघडली आणि दाखल्यासाठी चार खिडक्या हिंडणाऱ्या माणसाचे हेलपाटे खरोखर कमी केले. त्याचे कट्टर विरोधकसुद्धा त्याला आळशी किंवा मठ्ठ म्हणत नाहीत. कामाचा उरक असलेला, हजरजबाबी, संसदेत समोरच्याला बोलण्यात लोळवणारा मंत्री होता तो. अविश्वासाचे ठराव आले आणि गेले.

दुसरी कबुली जास्त अवघड आहे आणि विरोधक ती टाळतात. 2020 साली सत्तांतर झाल्यावर जी धरपकड सुरू झाली, तिच्यात सगळे काही स्वच्छ नव्हते. गाश्पार यांच्यानंतर पोलीसप्रमुख झालेले मिलान लुचान्स्की यांना डिसेंबर 2020 मध्ये अटक झाली आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला कोठडीत गळफास घेतल्यानंतर त्यांचा मृत्यू झाला. अनेक प्रकरणे माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर उभी होती. ज्याला स्वतःची शिक्षा कमी करून घ्यायची आहे त्याच्या तोंडून आलेले नाव कितपत धरायचे, हा प्रश्न जगातल्या कुठल्याही कोर्टात रास्त ठरतो. तपास अधिकारी एकमेकांवरच गुन्हे दाखल करू लागले, पोलिसांतली ही भाऊबंदकी रोज वर्तमानपत्रात गाजत होती. त्यात 2021 साली विशेष सरकारी वकील म्हणून निवडले गेले दानियल लिपशित्स. हे कोण? 2010 ते 2012 या काळातले गृहमंत्री, म्हणजे कालिन्याक यांच्या दोन कारकिर्दींच्या मधले, आणि वर्षानुवर्षांचे त्यांचे राजकीय प्रतिस्पर्धी. उद्या तुमच्यावर आरोप झाला आणि खटला चालवायचा की नाही हे तुमच्याविरुद्ध निवडणुका लढलेला माणूस ठरवणार असेल, तर तुम्ही निश्चिंत झोपाल का? एप्रिल 2022 मध्ये कालिन्याक यांना गुन्हेगारी टोळी स्थापन केल्याच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा त्यांच्या समर्थकांना सूडाचा वास आला. त्यांना वेडे ठरवून चालणार नाही. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कालिन्याक यांची कोठडीतून सुटका केली.

पण इथेच समर्थकांच्या युक्तिवादातला चोरकप्पा आहे. ‘कोर्टाने सोडले’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, खटला चालला, साक्षी झाल्या, न्यायाधीशांनी निकाल दिला. यातले काहीच झाले नाही. कोर्टाने सोडले ते कोठडीतून. नोव्हेंबर 2022 मध्ये आरोप रद्द केले ते महाभियोक्ता, म्हणजे देशाचे सर्वोच्च सरकारी वकील, मारोश झिलिन्का यांच्या कार्यालयाने, दंडप्रक्रिया संहितेच्या 363 व्या कलमाखाली. या कलमाने महाभियोक्त्याला खटला उभा राहण्याआधीच तपासातला एखादा निर्णय बेकायदेशीर ठरवून पुसून टाकता येतो. अधिकार कायदेशीर आहे आणि वापरलाही कायदेशीरपणेच गेला असेल. त्यामुळे कालिन्याक यांना कुणी गुन्हेगार म्हणत असेल तर तो त्यांच्यावर अन्याय करतो आहे, हे मी शंभरदा म्हणेन. मात्र कुठल्याही न्यायाधीशाने त्यांच्या कारभाराकडे पाहून ‘ठीक आहे’ असे म्हटलेले नाही, हेही तितकेच खरे. पाटी कोरी आहे. कोऱ्या पाटीवर पैकीच्या पैकी गुण कसे लिहिता येतील?

आणि मुळात गुण मोजायचे ते याच विषयाचे का? शेतकीमंत्र्यावर किंवा संस्कृतिमंत्र्यावर संशय आला तर तपास करायला पोलीस असतात. गृहमंत्र्यावर संशय आला तर तपास करायलाही पोलीसच असतात आणि त्या पोलिसांचा प्रमुख नेमणारा, काढणारा, बढत्या-बदल्यांच्या फायली हलवणारा तोच असतो. आघाडी सरकारांच्या वाटाघाटीत गृहखात्यासाठी रात्री कशा जागवल्या जातात, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. म्हणून इतर मंत्र्यांना लागू पडणारी ‘सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ ही कसोटी या खात्याच्या मंत्र्याला तुरुंगापासून वाचवायला पुरेशी आहे, खुर्चीवर टिकवायला नाही. खुर्चीसाठी प्रश्न वेगळे विचारायचे: याच्या हाताखाली तपास मोकळेपणाने होतो का? चूक झाली तर ती कोण कबूल करतो, कधी, कुणाच्या दबावाने?

त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट घ्या. 25 ऑगस्ट 2006 रोजी नित्रा शहरात हंगेरियन भाषिक अल्पसंख्याक समाजातल्या एका विद्यार्थिनीने तक्रार केली, की हंगेरियनमध्ये बोलल्यामुळे दोघांनी आपल्याला मारहाण केली. प्रकरण नाजूक होते. स्लोव्हाक-हंगेरियन भांडण जुने, आणि सरकारात उग्र राष्ट्रवादी पक्ष भागीदार. 12 सप्टेंबरला, म्हणजे अठरा दिवसांत, पंतप्रधान आणि गृहमंत्री दोघे पत्रकारांपुढे आले आणि असा हल्ला झालाच नव्हता असे त्यांनी जाहीर केले. पुढे त्या मुलीवरच खोटी साक्ष दिल्याचा आरोप ठेवला गेला आणि तो वर्षानुवर्षे तिच्या मानेवर बसला. ती खरे बोलत होती की नाही, यावर मी इथे निकाल देत नाही, मला द्यायचाही नाही. माझा आक्षेप निकाल देणाऱ्याच्या कपड्यांवर आहे. तपास अधिकाऱ्याने लिहायचा निष्कर्ष गृहमंत्री कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवत होता. त्या दिवसानंतर त्या खात्यातल्या कुठल्या फौजदाराची वेगळे काही लिहायची छाती झाली असती? यात गुन्हा नाही. कुठल्याच दंडसंहितेत ‘तपासाच्या डोक्यावर बसणे’ असे कलम नसते. पण गृहमंत्रिपदाचा अर्थ कळला नसल्याची ती पहिली खूण होती.

अशा खुणा साठत गेल्या. जानेवारी 2010 च्या पहिल्या आठवड्यात पोप्रादच्या विमानतळावर श्वानपथकाच्या सरावासाठी पोलिसांनी कसलीही कल्पना नसलेल्या एका प्रवाशाच्या सामानात खरीखुरी स्फोटके ठेवली आणि ती काढायलाच विसरले. सामान विमानाने डब्लिनला पोचले. तिथल्या पोलिसांनी त्या बिचाऱ्याच्या राहत्या इमारतीभोवतीचा परिसर रिकामा केला आणि त्याला ताब्यात घेतले. कालिन्याक यांनी आयर्लंडकडे दिलगिरी व्यक्त केली. हा प्रकार इतका हास्यास्पद होता, की लोक हसले आणि विसरले.

मोल्दावा नाद बोद्वोउ इथल्या प्रकाराला मात्र कुणी हसले नाही. 19 जून 2013 रोजी पूर्व स्लोव्हाकियातल्या या गावच्या रोमा (ज्यांना जिप्सी म्हटले जाई त्या समाजाच्या) वस्तीवर पोलिसांचा मोठा ताफा उतरला. हवे असलेले आरोपी शोधायला आलो, असे ते म्हणाले. वस्तीतली माणसे सांगत होती की घरात घुसून मारले, पोलीस ठाण्यात नेऊन मारले. चौकशी कुणी केली? पोलिसांच्या निरीक्षण विभागाने. तो विभाग कुणाच्या अखत्यारीत? गृहमंत्रालयाच्या. निष्कर्ष काय निघाला असेल हे वाचकाने ओळखलेच असेल. उलट तक्रारदारांपैकी काहींवरच खोटी साक्ष दिल्याचे गुन्हे दाखल झाले. नित्राचीच चाल, नव्या पटावर. शेवटी सप्टेंबर 2020 मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्लोव्हाकियाला दोषी धरले: वागणूक अमानुष होती आणि तिची धड चौकशीही झाली नाही. जून 2021 मध्ये सरकारने पीडितांची माफी मागितली. ते सरकार दुसऱ्यांचे होते. आठ वर्षे लागली, देशाबाहेरचे न्यायालय लागले आणि मंत्री बदलावा लागला. यात कालिन्याक यांनी लाठी उगारली होती का? अर्थातच नाही. पण ‘माझ्या माणसांची चौकशी माझीच माणसे करतील’ ही व्यवस्था त्यांनी दहा वर्षे मांडीवर घेऊन सांभाळली आणि कुणी बोट ठेवले की तिच्याच अहवालाची ढाल पुढे केली.

सगळ्यात थक्क करणारे प्रकरण 2017 सालचे. 23 जुलैला बर्लिनच्या तिअरगार्टन या उद्यानाजवळून, भर दिवसा, त्रिन्ह शुआन थान या व्हिएतनामी गृहस्थाला पळवण्यात आले. सरकारी तेल कंपनीच्या समूहातला हा माजी अधिकारी, मायदेशी भ्रष्टाचाराचे आरोप, जर्मनीत आश्रयाचा अर्ज. काही दिवसांत तो हनोईत दूरदर्शनवर ‘मी स्वेच्छेने परतलो’ असे सांगताना दिसला. मधला प्रवास कसा झाला? तीन दिवसांनी, 26 जुलैला, व्हिएतनामचे सार्वजनिक सुरक्षा मंत्री तो लाम शिष्टमंडळ घेऊन ब्राटिस्लाव्हात आले होते. बोरिक या सरकारी हॉटेलात कालिन्याक यांच्याबरोबर बैठक झाली. बैठक संपल्यावर पाहुण्यांना मॉस्कोला जायला स्लोव्हाक सरकारचे विमान दिले गेले. पळवलेला माणूस याच विमानातून शेंगेनबाहेर नेला गेला, या निष्कर्षाला जर्मन तपास यंत्रणा आल्या. 2018 च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या न्यायालयाने अपहरणात मदत करणाऱ्या एकाला शिक्षा सुनावली आणि त्यानंतर काही आठवड्यांत स्लोव्हाक पोलिसांतल्याच काहींनी, नाव न सांगता, पत्रकारांना सांगितले की आम्ही त्या दिवशी मार खाल्लेल्या अवस्थेतल्या एका माणसाला विमानात चढवताना पाहिले. कालिन्याक यांनी आपल्याला काही माहीत नव्हते असे पहिल्यापासून सांगितले आहे. (तो लाम 2024 साली व्हिएतनामचे सर्वोच्च नेते झाले. या गोष्टीतल्या कुणाचीच कारकीर्द अडली नाही, एक पळवलेला माणूस सोडून.)

मी कालिन्याक यांच्यावर विश्वास ठेवायला तयार आहे. ठेवतो. मग काय उरते? ज्या खात्याकडे शेंगेनची पूर्व सीमा राखायचे काम, त्या खात्याच्या मंत्र्याच्या पाहुण्यांनी, मंत्र्याच्या बैठकीची आडोशासारखी सोय करून घेऊन, मंत्र्याच्याच सरकारच्या विमानातून, मित्रदेशाच्या राजधानीतून पळवलेला माणूस बाहेर काढला आणि मंत्र्याला गंधवार्ता नाही. माहीत असते तर तो गुन्हा झाला असता, ठीक. पण माहीत नव्हते ही सबब सांगितल्यावर माणूस सुटतो कसा? रखवालदाराने ‘चोर माझ्याच गाडीतून गेले पण मला कळले नाही’ असे म्हटले, तर त्याला चोर म्हणू नये हे खरे. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा दारावर उभे करावे का, हा प्रश्न तरी विचाराल की नाही?

याच सुमारास दुसरा एक जण पोलिसांचे दार ठोठावत होता. सप्टेंबर 2017 मध्ये वजनदार उद्योजक मारियान कोच्नेर याने फोनवरून धमकावल्याची तक्रार कुत्सियाकने केली. चव्वेचाळीस दिवसांनी त्याने जाहीरपणे लिहिले, की तक्रारीचे काही झालेले नाही, बहुधा ती कुणा विशिष्ट अधिकाऱ्याकडे सोपवलीसुद्धा नाही. पुढे त्याच्या खुनाच्या तपासात निघाले, की त्याच्याबद्दलची माहिती पोलिसांच्याच डेटाबेसमधून काढली गेली होती. खुनाची सुपारी कुणी दिली हा प्रश्न स्लोव्हाक न्यायालयांत वर्षानुवर्षे वर-खाली होत राहिला आहे, कोच्नेरला खालच्या न्यायालयाने 2020 आणि 2023 अशी दोनदा त्या आरोपातून सोडले, आणि कालिन्याक यांचा त्या खुनाशी संबंध आहे असे म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे. पण तक्रार धूळ खात पडली ती कुणाच्या खात्यात? तक्रारदाराची माहिती विकली गेली ती कुणाच्या संगणकातून? याच्या वर्षभर आधी, 2016 मध्ये, करचुकवेगिरीच्या आरोपात अडकलेल्या लादिस्लाव बाश्तेर्नाक या बिल्डरशी खुद्द गृहमंत्र्याचे आर्थिक व्यवहार असल्याचे उघड झाले होते. पंतप्रधान तर त्याच बिल्डरच्या ‘बोनापार्ट’ इमारतीत भाड्याने राहत होते. इमारतीसमोर लोकांनी महिनोन्‌महिने निदर्शने केली. कालिन्याक यांचे उत्तर होते की आपले सगळे व्यवहार कायदेशीर आहेत. बाश्तेर्नाकला पुढे करफसवणुकीसाठी पाच वर्षांची शिक्षा झाली, पण तेव्हा कालिन्याक गृहमंत्री राहिले नव्हते. ज्या काळात त्या बिल्डरचा तपास करायचा होता, त्या काळात पोलिसांचा मालक त्याचा माजी व्यवहारभागीदार होता, एवढे एकच वाक्य राजीनाम्याला पुरेसे होते.

राजीनामा म्हणजे गुन्ह्याची कबुली, ही समजूत या वादातली सर्वात घातक. जर्मनीतले उदाहरण बघा. जून 1993 मध्ये बाड क्लाइनेन या छोट्या रेल्वे स्थानकावर डाव्या दहशतवाद्यांना पकडण्याची कारवाई फसली. एक कमांडो आणि एक दहशतवादी ठार झाले. दहशतवाद्याला पोलिसांनी जवळून गोळी घातल्याची कुजबुज सुरू झाली, आणि खात्याकडून येणारी माहिती दर दिवशी बदलत होती. गृहमंत्री रुडॉल्फ झायटर्स यांनी आठवड्याभरात राजीनामा दिला. ते स्थानकावर नव्हते, हुकूम त्यांनी दिला नव्हता. नंतर तपासात त्या दहशतवाद्याने स्वतःलाच गोळी घातल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणजे झायटर्स ‘फुकट’ गेले का? पाच वर्षांनी ते जर्मन संसदेचे उपाध्यक्ष होते, नंतर कित्येक वर्षे जर्मन रेड क्रॉसचे अध्यक्ष. त्यांच्या जाण्याने तपासाला मोकळी हवा मिळाली, आणि निघालेल्या निष्कर्षाला वजन आले कारण तो मंत्र्याच्या सावलीत लिहिलेला नव्हता. कालिन्याक यांनी 2016 साली असे केले असते, तर आज त्यांच्या निर्दोषत्वाला 363 व्या कलमाचा टेकू लागला नसता.

त्याऐवजी ते गेले 12 मार्च 2018 ला. त्याआधीच्या शुक्रवारी, 1989 साली कम्युनिस्ट राजवट कोसळली त्यानंतरची सर्वात मोठी गर्दी ब्राटिस्लाव्हाच्या चौकात उतरली होती आणि आघाडीतल्या मोस्त-हिद या पक्षाने गृहमंत्री गेले नाहीत तर सरकार टिकणार नाही असे बजावले होते. जाताना त्यांनी कारण दिले सरकारच्या स्थैर्याचे. ही आघाडीच्या गणितातली वजाबाकी होती, जबाबदारी नव्हे. फरक पाहायचा असेल तर त्यांच्या जागी आलेल्या तोमाश द्रुकेर यांच्याकडे पाहा. रस्त्यावरची मागणी होती पोलीसप्रमुख गाश्पार यांना काढा. द्रुकेर म्हणाले, काढायला मला व्यावसायिक कारण सापडत नाही, पण लोकांचा विश्वास उडालेला दिसतो आहे. आणि महिना भरायच्या आत स्वतःच पायउतार झाले. विचित्र वाटेल, पण त्या सगळ्या धुमाळीत पदाची लाज राखणारा तो एकटाच निघाला.

स्लोव्हाकियात या खात्याला स्वतःचा एक इतिहास आहे आणि तो विसरून हा वाद घालता येत नाही. 1942 साली सुमारे 58 हजार ज्यूंना गाड्यांत भरून छळछावण्यांकडे पाठवले, तेव्हा हिटलरच्या आश्रयाखालच्या स्लोव्हाक राज्याचा गृहमंत्री होता आलेक्झांडर माख. पुढे देशाचा कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्ष झालेला गुस्ताव हुसाक नाझींविरुद्धच्या 1944 च्या उठावात गृहखातेच सांभाळत होता. व्लादिमिर मेचियार जानेवारी 1990 मध्ये गृहमंत्री झाला आणि जूनमध्ये थेट पंतप्रधान. त्या सहा महिन्यांत गुप्त पोलिसांच्या फायलींचे त्याने काय केले, हा प्रश्न पुढची सगळी वर्षे त्याच्या मागे राहिला. कालिन्याक यांना माखच्या रांगेत बसवायला मी इतका बेअक्कल नाही. मला आठवते ते 1997 सालचे सार्वमत. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा का, हा प्रश्न मतपत्रिकेवर असायला हवा होता. मेचियारचे गृहमंत्री गुस्ताव क्रायची यांच्या खात्याने तो प्रश्न वगळून मतपत्रिका छापल्या आणि सार्वमताचा विचका झाला. खटला? मेचियारने 1998 साली, राष्ट्राध्यक्षाचे अधिकार हंगामी स्वतःच्याच हातात असताना, माफी जाहीर करून विषयच मिटवला. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे क्रायची ‘कोर्टात काही सिद्ध झालेले नाही’ असे म्हणू शकत होते, आणि ते शब्दशः खरे होते! 2017 साली संसदेने त्या माफ्या रद्द केल्या, तेव्हा कालिन्याक यांच्या पक्षानेही मत दिले. सिद्ध होऊ न दिलेली गोष्ट आणि सिद्ध न झालेली गोष्ट यांत फरक असतो, हे त्या दिवशी त्यांना मान्य होते तर.

उरतो लोकांचा कौल. हा मुद्दा मी हलका मानत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये स्मेर सुमारे 23 टक्के मते घेऊन पहिला आला, दोन पक्षांना घेऊन सरकार बनवले, सगळे नियमात. 2020 नंतरच्या सरकारांनी आपसांत भांडून लोकांना इतके वैतागून सोडले होते, की मतदाराने जुने घर बरे म्हटले. राज्य करायचा हक्क त्यांना मिळाला, बिनशर्त. पण मतपेटीतून फायलींवरचा निकाल निघतो का? आणि निघतो असे त्यांना खरेच वाटत असते, तर जिंकल्यावर त्या फायली हाताळणाऱ्यांनाच हलवायची एवढी घाई कशाला? नवे गृहमंत्री मातूश शुताय एश्तोक यांनी सत्तेवर येताच भ्रष्टाचाराची मोठी प्रकरणे हाताळणाऱ्या तपास अधिकाऱ्यांना कामावरून बाजूला केले. मार्च 2024 मध्ये विशेष सरकारी वकिलाचे, म्हणजे लिपशित्स यांचे, कार्यालयच बंद झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात गंभीर गुन्ह्यांचा तपास करणारी राष्ट्रीय संस्था मोडून तिच्या जागी नवी आणली. त्या संस्थेचे लघुनाव होते ‘नाका’. मराठी कानाला गंमत वाटेल, पण नाका उठवला एवढेच तिच्याबद्दल म्हणता येते.

विरोधकांना मात्र एवढे सांगायला हवे, की हे दार त्यांनीच उघडे ठेवले होते. 2020 ते 2023 या काळात त्यांच्या हाती गृहखाते होते. पोलिसांची चौकशी करणारी यंत्रणा मंत्रालयाच्या छपराखालून पूर्णपणे बाहेर काढायची, तिचा प्रमुख कुणा मंत्र्याच्या मेहेरबानीवर राहणार नाही अशी तजवीज करायची, ही कंटाळवाणी, टाळ्या न मिळवणारी कामे होती. त्यांनी बेड्यांची छायाचित्रे पसंत केली. दर अटकेला त्यांनी निकाल मानले आणि दर सुटकेला कट. राजकीय प्रश्नाचे उत्तर पोलीस ठाण्यात शोधायची सवय कालिन्याक यांच्या राज्यातली. ती त्यांनी जशीच्या तशी उचलली, फक्त आत टाकायची माणसे बदलली. मग आरोप रद्द होताच कालिन्याक धुतल्या तांदळासारखे बाहेर आले, यात नवल ते काय? तुम्हीच सांगितले होते ना, की प्रश्न फक्त गुन्ह्याचा आहे?

15 मे 2024 ला हांडलोवा गावात फिट्सोंवर गोळ्या झाडल्या गेल्या. संध्याकाळी बान्स्का बिस्त्रित्साच्या रुग्णालयाबाहेर माहिती द्यायला दोन मंत्री आले: संरक्षणमंत्री कालिन्याक आणि गृहमंत्री शुताय एश्तोक, आधीचा आणि आताचा. कालिन्याक यांच्या चेहऱ्यावरचा ताण खरा होता. मित्र आत मृत्यूशी झुंजत होता. पंतप्रधानांचे अंगरक्षक गृहमंत्रालयाच्याच पथकातले, त्यामुळे ते कुठे कमी पडले याची चौकशी होणे भाग होते. ती पोलिसांच्या निरीक्षण विभागाने हाती घेतली. तो विभाग अजून गृहमंत्रालयातच आहे.